परिणाम एकाच्या गावात, प्रशिक्षण दुसऱ्याला

१ जानेवारी १९७० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही केली. कायद्यातला बराचसा भाग मोघम आणि उदात्त होता. त्यातलं एक कलम मात्र धारदार होतं. संघराज्य सरकारच्या कोणत्याही मोठ्या कामाआधी त्या कामाचे पर्यावरणावर काय परिणाम होतील आणि त्याला पर्याय कोणते आहेत, याचं तपशीलवार निवेदन संबंधित खात्यानं लिहून काढलंच पाहिजे, असं ते सांगत होतं. अशी सक्ती नसेल तर धोरण कागदावरच राहील, असा आग्रह राज्यशास्त्राचे प्राध्यापक लिंटन कॉल्डवेल यांनी धरला होता. सक्ती आली, पण असं निवेदन लिहायचं कसं हे कोणत्याच खात्यात कुणाला ठाऊक नव्हतं. अलास्कातून तेल वाहून नेणाऱ्या प्रचंड नळमार्गासाठी पहिलं निवेदन तयार झालं ते अवघ्या आठ पानांचं. पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या, काम थांबलं आणि १९७२ मध्ये पुन्हा लिहिलेल्या अहवालाचे नऊ खंड झाले. आठ पानं ते नऊ खंड हा प्रवास दोन वर्षांत घडला आणि त्यातून एक नवी गरज पुढे आली. परिणाम मोजू शकणारी, मोजलेलं मांडू शकणारी आणि न्यायालयात ते टिकवू शकणारी माणसं हवी होती, तीही ताबडतोब. विद्यापीठांच्या पदव्यांना वर्षं लागतात, तेवढं थांबायला कुणाला सवड नव्हती. पर्यावरणीय आघात मूल्यमापनाचे काही दिवसांचे किंवा काही आठवड्यांचे प्रशिक्षणवर्ग या घाईतून आले.

घाईतून आलेल्या विद्येला हत्यारही तसंच सुटसुटीत लागतं. ते १९७१ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या ल्यूना लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. एक मोठा तक्ता घ्यायचा. त्याच्या वरच्या बाजूला प्रकल्पात घडणाऱ्या शंभर क्रिया लिहायच्या: जंगलतोड, सुरुंग, भराव, सांडपाणी सोडणं वगैरे. डाव्या बाजूला पर्यावरणाचे ८८ घटक लिहायचे: माती, भूजल, मासे, दुर्मिळ वनस्पती, माणसांचं आरोग्य. अशी ८,८०० घरं होतात. जिथे क्रियेचा घटकावर परिणाम संभवतो, त्या घरात तिरकी रेघ मारायची. रेघेच्या वर परिणामाची तीव्रता एक ते दहा अशा गुणांत लिहायची, रेघेखाली त्या परिणामाचं महत्त्व तशाच गुणांत. हा तक्ता शिकवायला सोपा होता, म्हणून तो जगभरच्या वर्गांमध्ये पोचला. पण त्यातल्या दोन आकड्यांत एक मूलभूत फरक आहे. वरचा आकडा बऱ्याच अंशी मोजता येतो. किती हेक्टर जंगल जाईल, पाण्याचं तापमान किती अंशांनी वाढेल, हे तज्ज्ञ सांगू शकतो. खालचा आकडा मोजता येत नाही, तो ठरवावा लागतो. खाडीतली मासळी निम्म्यानं घटली तर ते दहापैकी तीन गुणांइतकं महत्त्वाचं की नऊ गुणांइतकं, याचं उत्तर कोणत्याही उपकरणातून निघत नाही. ते उत्तर त्या खाडीवर कोण जगतं यावर अवलंबून असतं. त्यामुळे रेघेखालचा आकडा कोण भरणार, हा या विद्येतला खरा राजकीय प्रश्न होता आणि प्रशिक्षणवर्गांनी तो न विचारताच उत्तर देऊन टाकलं: जो वर्गाला आला, तो भरणार.

वर्गाला कोण आलं, याचा इतिहास स्पष्ट आहे. १९८० मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन विद्यापीठात जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळानं आंतरराष्ट्रीय वर्ग सुरू झाला. विकसनशील देशांतले अधिकारी, अभियंते आणि नियोजनकार तिथे दोन आठवड्यांसाठी येऊ लागले. त्याच वर्षी या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. १९८५ मध्ये युरोपीय समुदायानं मूल्यमापन बंधनकारक केलं. १९८९ मध्ये जागतिक बँकेनं आपल्या कर्जांसाठी मूल्यमापनाचे नियम घालून दिले आणि कर्ज घेणाऱ्या प्रत्येक देशाला प्रशिक्षित माणसांची निकड भासू लागली. १९९२ च्या रिओ परिषदेच्या जाहीरनाम्यात सतराव्या तत्त्वानं मूल्यमापनाला राष्ट्रीय साधनाचा दर्जा दिला, तर १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं या वर्गांसाठी जाडजूड पाठ्यसाहित्य काढलं. या साऱ्या काळात शिकणारे दोनच प्रकारचे होते: अहवाल लिहिणारे आणि अहवाल तपासणारे. ज्यांच्या नदीवर, शेतावर, गायरानावर परिणाम होणार होता, ते या विद्येचे विषय होते, विद्यार्थी नव्हते. माझं म्हणणं असं की पर्यावरणविषयक छोट्या प्रशिक्षणाचं यशापयश त्याच्या कालावधीवर किंवा अभ्यासक्रमाच्या उंचीवर ठरत नाही. शिकणाऱ्याला निर्णयात हक्क आहे का आणि निर्णयाचं फळ त्याला स्वतःला भोगावं लागणार आहे का, यावर ते ठरतं. भारताचा, आणि त्यातही महाराष्ट्राचा गेल्या अर्धशतकाचा अनुभव याची दोन्ही बाजूंनी साक्ष देतो.

भारतात या विद्येचा आरंभ कायद्याच्या आधी झाला, आणि लक्षणीय गोष्ट म्हणजे त्यातलं अत्यंत प्रभावी उदाहरण सरकारी नव्हतं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं नदीखोऱ्यांतल्या प्रकल्पांची पर्यावरणाच्या अंगानं छाननी सुरू केली. त्याच सुमाराला केरळातल्या सायलेंट व्हॅलीत जलविद्युत प्रकल्पाचा वाद पेटला होता. केरळ शास्त्र साहित्य परिषदेनं वनस्पतिशास्त्र, अभियांत्रिकी, शेती आणि अर्थशास्त्र जाणणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना एकत्र बसवलं आणि प्रकल्पाचं तांत्रिक, आर्थिक व सामाजिक मूल्यमापन स्वतःच करून प्रसिद्ध केलं. जंगल वाचवा एवढंच म्हणून ती थांबली नाही. राज्याला वीज किती लागेल, ती आणखी कुठून मिळेल, याचा हिशेबही तिनं मांडला आणि तो व्याख्यानांतून गावोगाव नेला. प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. आता याच्याशी सरदार सरोवराची तुलना करावी. १९८७ मध्ये त्या धरणाला पर्यावरण मंजुरी मिळाली तेव्हा आवश्यक अभ्यास पुरे झालेले नव्हते. बांधकाम चालू ठेवून अभ्यासही सोबत करावेत, अशी सशर्त मंजुरी दिली गेली. जागतिक बँकेनं नेमलेल्या मोर्स समितीनं १९९२ मध्ये या उणिवेवर कठोर शब्दांत बोट ठेवलं. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेली ३३ गावं या धरणानं बाधित झाली. धरणाच्या बाजूला अभियंते आणि तज्ज्ञ यांची वाण नव्हती. वाण होती ती अभ्यासाचा निष्कर्ष निर्णयावर बंधनकारक करण्याच्या इच्छेची.

भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्या आधारे २७ जानेवारी १९९४ रोजी मूल्यमापनाची पहिली अधिसूचना निघाली. ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना अहवाल सक्तीचा झाला आणि आपल्याकडेही अमेरिकेतल्या १९७० सारखीच परिस्थिती उद्भवली. अहवाल हवे होते हजारो, लिहिणारे होते मोजके. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, हैदराबादचं प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय, दिल्लीतल्या संस्था, पुढे जागतिक बँकेच्या साहाय्यानं चाललेला क्षमताबांधणीचा प्रकल्प, यांतून अधिकाऱ्यांसाठी आणि सल्लागारांसाठी अल्पकालीन वर्ग भरू लागले. सल्लागार कंपन्यांचा व्यवसाय फोफावला. पण अहवालाचे पैसे प्रकल्पाचा मालकच देतो, ही मूळची गोम कोणत्याही वर्गानं दूर होण्यासारखी नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर उचलून घातल्याचं उघड झालं, तेव्हा देशभर खळबळ माजली. यावर सरकारनं उपाय केला तो सल्लागारांना मान्यतापत्र सक्तीचं करण्याचा. २०१० च्या सुमारापासून भारतीय गुणवत्ता परिषदेची मान्यता असलेल्या सल्लागारांनीच अहवाल करावेत, असा दंडक लागू झाला. त्यानं अहवालांची बांधणी सुधारली हे मान्य करायला हवं. मात्र हा उपायही पुन्हा लिहिणाऱ्यालाच आणखी शिकवण्याचा होता. कोकणातल्या सड्यावर कोणती झाडं उगवतात हे ज्यांना जन्मापासून माहीत आहे, त्यांच्या हातात तो अहवाल वेळेत आणि समजेल अशा रूपात पडला असता, तर परदेशी मजकूर पहिल्याच दिवशी पकडला गेला असता.

तसा तो हातात पडावा अशी सोय कायद्यात कागदोपत्री आहे. १० एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीनं जनसुनावणी बंधनकारक झाली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेनं तिची रीत पक्की केली. प्रदूषण नियंत्रण मंडळानं किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात सूचना छापायची. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी ठेवायचा, त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतात, कामकाजाचं चित्रीकरण होतं आणि शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. रीत चांगली आहे, पण तिच्यात एक गृहीत दडलेलं आहे. शेकडो पानांचा तांत्रिक इंग्रजी मसुदा आणि थोडक्या पानांचा मराठी सारांश एवढ्या भांडवलावर शेतकरी किंवा मच्छीमार तीस दिवसांत नेमके प्रश्न तयार करील, असं ती धरून चालते. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी १६ मे २०१० रोजी माडबनला झाली. सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादनात गेलेल्या त्या परिसरातल्या ग्रामस्थांचा पहिला आक्षेप हाच होता की नीरीनं केलेल्या अहवालाच्या मराठी प्रती सगळ्या गावांना वेळेवर मिळाल्या नाहीत. गोव्यात केपें तालुक्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं की सुनावणीत मांडलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीनं विचार केला हे कारणांसह दिसलं पाहिजे. ऐकणाऱ्यानं कारणं द्यावीत यासाठी न्यायालय लागलं. बोलणाऱ्याला तयारीचा अवसर मिळावा, यासाठी अजून कुठलीच यंत्रणा नाही.

याच काळात महाराष्ट्रात प्रशिक्षणाचा एक निराळा प्रवाह वाहत होता. त्याचा विषय होता पाणी. ज्या १९८० साली ॲबरडीनचा वर्ग सुरू झाला, त्याच साली औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, कांचनवाडीला जल व भूमी व्यवस्थापन संस्था उभी राहिली. सगळे तिला 'वाल्मी' या नावानं ओळखतात. धरणं बांधणाऱ्या अभियंत्यांना पाण्याचं वाटप, शेतापर्यंतची चारी, जमिनीचा पोत आणि पिकाची गरज शिकवणं हा तिचा हेतू होता. तिथून हजारो अभियंते शिकून बाहेर पडले. तरीही कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी न पोचण्याचं दुखणं कायम राहिलं, कारण पाटबंधारे खात्याची चौकट तीच होती. दुसरीकडे नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं, म्हणजे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांपासूनच सुरुवात केली. १९९० च्या दशकारंभी तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं, पाळी संस्थेनं ठरवायची, पट्टी संस्थेनं गोळा करायची. पुढे सगळ्या लाभक्षेत्रावर अशा संस्था झाल्या आणि २००३ पासून संपूर्ण प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या महासंघाकडे आलं. इथे प्रवाहमापकावरची पातळी वाचायला, घनमीटरात हिशेब मांडायला शेतकरी शिकले, कारण वाचलेल्या प्रत्येक आकड्यावर त्यांच्या द्राक्षाचं किंवा गव्हाचं भवितव्य होतं. २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला आणि राज्यभर पाणी वापर संस्था स्थापन करण्याची मोहीम निघाली. त्यांना प्रशिक्षणही दिलं गेलं. पण जिथे मोजून पाणी देण्याची आणि निर्णय सोपवण्याची तयारी खात्यानं दाखवली नाही, तिथल्या बऱ्याच संस्था नावापुरत्या उरल्या. धडा तोच, शिकवणारे तेच. फरक हक्काचा होता.

हा प्रवाह वाल्मीपेक्षाही जुना आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली कित्येक शतकं फड पद्धत चालली. लाभक्षेत्राचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दर वर्षी पिकांची फेरपालट करायची आणि पाणी पाटकऱ्यानं द्यायचं. बंधाऱ्यात पाणी किती आहे त्यावर यंदा किती फड भिजवायचे हे ठरायचं, म्हणजे साठा बघून मागणी बेतली जायची. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी याच शहाणपणाला न्यायाची जोड दिली. पाणी जमिनीच्या मालकीनुसार न देता घरातल्या माणसांच्या संख्येनुसार द्यायचं, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, ऊस लावायचा नाही. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गाव दर वर्षी पावसाचं मोजमाप करून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडू लागलं. त्यातलं गणित कुठल्याही शाळकरी मुलाला जमेल असं आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी पडतं. गावाचं क्षेत्र हजार हेक्टर आणि पाऊस चारशे मिलिमीटर असेल, तर आभाळातून आलं चारशे कोटी लिटर. त्यातलं वाफेनं किती गेलं, वाहून किती गेलं, मुरलं किती, पिण्याला आणि गुरांना किती लागेल, हे वजा करत जायचं आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची. तीव्रतेचा आकडा आणि महत्त्वाचा आकडा इथे एकाच सभेत, एकाच माणसांच्या तोंडून येतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं जंगलाबाबत हेच केलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथे अभ्यासगट चालले. आधी अभ्यास, मग सर्वसहमतीनं ग्रामसभेचा निर्णय, अशी शिस्त पडली. त्यामुळे वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा तो वापरायची तयारी गावाकडे आधीपासून होती.

या साऱ्या परंपरेला २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर वर्गाचं रूप मिळालं. पाणी फाउंडेशननं त्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांमध्ये वॉटर कप स्पर्धा घेतली. पुढच्या वर्षी तालुके तीस झाले, त्याच्या पुढच्या वर्षी पंच्याहत्तर. स्पर्धेआधी गावातले काही स्त्री-पुरुष काही दिवसांच्या निवासी वर्गाला जायचे. माथा ते पायथा ही पाणलोटाची रीत, मातीचे प्रकार, कोणत्या उतारावर कोणता उपचार, गावातल्या गटबाजीवर मात कशी करायची, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. त्यात हायड्रोमार्कर नावाचं एक साधन होतं: दोन काठ्यांना बांधलेली पारदर्शक नळी, तीत भरलेलं पाणी आणि काठ्यांवर आखलेल्या खुणा. दोघांनी दोन काठ्या धरून डोंगरउतारावर उभं राहायचं. नळीतलं पाणी दोन्ही खुणांवर सारखं दिसेपर्यंत एकानं काठी वर-खाली सरकवायची. पाणी सारखं झालं की त्या दोन जागा समपातळीत आहेत. तिथे फक्की टाकायची आणि पुढच्या जागेकडे जायचं. अशी रेघ डोंगरभर फिरली की तिच्यावर समतल चर खणायचे. चर जरा जरी तिरपा गेला तरी पहिल्याच पावसात पाणी एका टोकाला धावून बांध फोडतं, त्यामुळे शिकलेलं बरोबर की चूक हे कळायला परीक्षेची वाट पाहावी लागत नाही. दहावीही न झालेल्या बायामाणसांनी हे साधन सहज आत्मसात केलं. शिकलेलं लगेच वापरायचं होतं, स्वतःच्या शिवारात वापरायचं होतं आणि त्याचं फळ स्वतःच्या विहिरीत दिसणार होतं.

यावर पहिला आक्षेप अर्ध्या ज्ञानाचा आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. चार-पाच दिवसांत भूजलशास्त्र येत नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये एका थरात पाणी मुरतं तर खालच्या थरात अजिबात मुरत नाही. थर न बघता खोदलं, नाले वाजवीपेक्षा खोल आणि रुंद केले, तर वरच्या गावानं पाणी अडवल्यानं खालचं गाव कोरडं पडतं किंवा नैसर्गिक झरा तुटतो. स्पर्धेत खोदकामाच्या घनमीटरांवर गुण मिळतात म्हणून यंत्रं धडाधड चालली आणि अडवलेलं पाणी पुन्हा उसाला गेलं, हीही टीका झाली. या टीकेत तथ्य आहे. पण तिनं सिद्ध काय होतं? २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर राज्यानं ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च केला. त्यात अभियंते होते, कृषी अधिकारी होते, भूजल सर्वेक्षण यंत्रणा हाताशी होती. तरीही २०२० मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालानं भूजलपातळी वाढवण्याचा हेतू फारसा साधला नसल्याचं नोंदवलं. म्हणजे पदवीधरांच्या हातूनही तीच चूक झाली. फरक चूक झाल्यानंतरचा आहे. वॉटर कपनंतर फाउंडेशननं समृद्ध गाव स्पर्धेकडे मोहरा वळवला आणि गवताळ कुरणं, मातीचं आरोग्य, पाण्याचा ताळेबंद असे विषय अभ्यासक्रमात आले. पुण्याच्या 'ॲक्वाडॅम'सारख्या संस्था स्वयंसेवी कार्यकर्त्यांना खडकांचे थर वाचायला अल्पकालीन वर्गांतूनच शिकवत आल्या आहेत. अर्ध्या ज्ञानावर उतारा अधिक ज्ञानाचा आहे. अज्ञानात ठेवणं हा त्यावरचा उतारा नव्हे. छोट्या वर्गानं कुणी भूशास्त्रज्ञ होत नाही. भूशास्त्रज्ञाला कुठे बोलवायचं आणि त्याला काय विचारायचं एवढं कळलं, तरी वर्गाचं काम झालं.

दुसरा आक्षेप असा की चर खणणं वेगळं आणि औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातलं गंधक किंवा अणुभट्टीतल्या गरम पाण्याचा समुद्रावरचा परिणाम वेगळा. पहिलं डोळ्यांना दिसतं, दुसऱ्याला प्रयोगशाळा लागते. हे खरं असलं तरी जनसुनावणीत ग्रामस्थानं प्रयोगशाळेचं काम करावं अशी अपेक्षाच नाही. त्याचं काम अहवालातल्या गृहीतांना जमिनीवर पडताळून पाहण्याचं आहे. सर्वेक्षण कोणत्या महिन्यात केलं, पावसाळ्यातले ओहोळ नकाशावर आहेत का, गुरचरण पडीक म्हणून दाखवलं आहे का, मासे कोणत्या हंगामात कुठे अंडी घालतात, हे प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. विचारायची पद्धत तेवढी शिकावी लागते. गोव्यातल्या मोपा विमानतळाचं प्रकरण इथे बोलकं आहे. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली, कारण झाडं, वनक्षेत्र आणि शेजारच्या सिंधुदुर्गातले संवेदनशील भाग यांची माहिती अर्जात नीट दिलेली नव्हती. ही सगळी माहिती स्थानिकांच्या रोजच्या नजरेतली होती. जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून आणि देखरेख नीरीकडे सोपवून न्यायालयानं स्थगिती उठवली. विमानतळ झालाच, पण अटी वाढल्या त्या स्थानिकांनी प्रश्न लावून धरल्यामुळे. उत्तर कन्नड आणि गुजरातच्या किनाऱ्यावर सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च आणि नमती यांच्या उपक्रमात स्थानिक कार्यकर्त्यांना कायद्याचं प्राथमिक शिक्षण देण्यात आलं. मंजुरीपत्रातली अट, जागेवरची परिस्थिती आणि त्याचा पुरावा यांची नोंद जुळवून त्यांनी सरकारी कार्यालयांपुढे तक्रारी मांडल्या. गुंतागुंतीचे प्रकल्पही शिकलेल्या गावकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे नाहीत, हे यावरून दिसतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि तो उलट दिशेनं येतो. प्रशिक्षण हे हक्काला पर्याय म्हणून वापरलं जाईल, अशी ती भीती आहे. हजेरीपट भरला, जेवणाची सोय झाली, प्रमाणपत्रं वाटली, की लोकसहभाग झाला असं लिहायला अधिकारी मोकळे. जैवविविधता कायद्याखाली गावच्या जीवसृष्टीची नोंद ठेवणाऱ्या लोकनोंदवह्यांचं असंच झालं. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मूळ कल्पनेत नोंदवही करणं ही गावाच्या शिक्षणाची प्रक्रिया होती. कायदा २००२ मध्ये झाला, पण काम वर्षानुवर्षं रखडलं. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि चुकल्यास राज्यांना दरमहा दहा लाख रुपयांचा भुर्दंड लावला. नोंदवह्यांचे आकडे झपाट्यानं वाढले. पण मुदतीच्या धाकानं भरलेल्या वहीतून गाव काहीच शिकत नाही, ते काम बाहेरून आलेला माणूसच उरकून जातो. या आक्षेपाला माझ्याकडे खंडन नाही, कारण तो माझ्याच म्हणण्याची दुसरी बाजू आहे. हक्काविना शिक्षण पोकळ राहतं. पण शिक्षणाविना हक्कही हातचा जातो, हे जनसुनावणीच्या पाव शतकाहून अधिक काळाच्या इतिहासानं दाखवलं आहे. बोलण्याचा हक्क १९९७ मध्ये मिळाला. काय बोलायचं याची तयारी करून न देता तो दिल्यामुळे सुनावण्या एकतर घोषणांत बुडाल्या किंवा नोकऱ्यांच्या आश्वासनांत विरल्या.

उलट जिथे लोकांना विषय समजावून सांगितला गेला आणि मत खरोखर विचारलं गेलं, तिथे काय होतं हेही आपल्यापुढे आहे. गाडगीळ समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला, तेव्हा ग्रामसभांशी बोलूनच संवेदनशील क्षेत्रं ठरवावीत असा तिचा आग्रह होता. सिंधुदुर्गातल्या २५ गावांनी आपलं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्यावं असे ठराव ग्रामसभेत केले होते. पर्यावरण म्हणजे वरून लादलेलं बंधन, अशी जी ओरड घाटमाथ्यावर उठवली गेली, तिला या ठरावांनी परस्पर उत्तर दिलं. याच्या अगदी उलट वाट मूल्यमापनाच्या २०२० च्या अधिसूचना-मसुद्यानं धरली. सुनावणीच्या सूचनेचा कालावधी तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणावा, असं त्यात सुचवलं होतं आणि मसुदा देशभराच्या हरकतींसाठी इंग्रजी व हिंदीतच ठेवला होता. तो बावीस भाषांत द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. लोकांना समजायला लागणारा वेळ हा प्रकल्पाचा खोळंबा आहे, अशी त्यामागची धारणा होती आणि आजही ती पुसली गेलेली नाही.

ती पुसायची तर आणखी एक मोठी संस्था उभारायची गरज नाही. २०१७ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू करून तरुणांना रोजगारासाठी छोटे अभ्यासक्रम दिले. राज्यात वाल्मी आहे, कृषी विद्यापीठं आहेत, भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. गावकऱ्यांना चार-पाच दिवसांत शिकवता येतं हे दाखवून देणारे शेकडो प्रशिक्षक पाणलोटाच्या चळवळीतून तयार झाले आहेत. सुनावणीच्या सूचनेनंतरचे तीस दिवस कायद्यात आहेतच. त्या तीस दिवसांत बाधित प्रत्येक ग्रामसभेनं निवडलेल्या स्त्री-पुरुषांसाठी एक वर्ग सक्तीचा करावा. त्याचा खर्च प्रकल्पाकडून घ्यावा, पण शिक्षक प्रकल्पानं नेमू नयेत. वर्गात अहवाल मराठीत, कोकणीत, गोंडीत, जी गावाची भाषा असेल तीत समजावून सांगावा, शिवारफेरी काढून त्यातले नकाशे जागेवर पडताळावेत आणि गावाच्या हरकती लेखी तयार कराव्यात. तज्ज्ञ समितीनं त्या प्रत्येक हरकतीला कारणांसह उत्तर द्यावं आणि ते उत्तर मंजुरीपत्राचाच भाग करावं. तीव्रता मोजण्याचं काम सल्लागारांनी खुशाल करावं, त्यासाठीच ते शिकलेले आहेत. महत्त्व ठरवण्याचं काम मात्र ज्यांचं जगणं त्या परिणामाखाली जाणार आहे त्यांचं आहे, आणि पन्नास वर्षं दुसऱ्यांना शिकवून झाल्यावर आता त्यांना शिकवण्याची पाळी आहे.